जुना राहायचा ट्रेलर पाळताना: एक सांगलीकर हिशोब

ट्रेलर म्हटलं की आमच्या भागात डोळ्यांसमोर उसाची ट्रॉली येते. नवऱ्यानं तासगाव तालुक्यातल्या त्याच्या मामांना फोनवर सांगितलं, "मामा, एक जुना ट्रेलर बघतोय," तर मामांचा पहिला प्रश्न, "कारखाना कुठला धरलायस?" मग राहायचा ट्रेलर, आत झोपायची सोय, छोटा ओटा, गाडीच्या मागं जोडून फिरायला न्यायचा, असं सगळं ऐकून घेतल्यावर मामा जरा थांबून म्हणाले, "म्हंजे ऊसतोडीवाल्यांची कोपीच की, चाकं लावल्याली."

व्याख्या काही वाईट नाही. नवऱ्याच्या डोक्यात मात्र परदेशातले ट्रेलर होते. इंग्लंडात १९१९ पासून एकल्स कंपनीनं असले ट्रेलर विकायला बनवले, अमेरिकेत वॉली बायमच्या एअरस्ट्रीमनं १९३६ साली ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' काढला, हे सगळं त्याला पाठ. तिकडं पन्नास-साठ वर्षांचे ट्रेलर हौसेनं सोलून पुन्हा उभे करणारे लोक आहेत, त्यांना खिडकीच्या रबरापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं विकत मिळतं. आपल्याकडं ते मिळणार नाही हे त्यालाही माहीत होतं. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर्सचे हिशोब बघते. घरात मोठी वस्तू यायची म्हटली की डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे असं वहीत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. या ट्रेलरचीही पानं तशीच भरत गेली. ती कशी भरली तेच इथं सांगते, कारण हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "घ्यावा का हो असला?"

ट्रेलर सांगलीवाडीच्या बाजूला एका बंद पडलेल्या ठेकेदाराच्या गोडाऊनमागं उभा होता. विकणारा म्हणाला, कालव्याच्या कामावर साहेब लोकांना राहायला बनवून घेतला होता. खरं-खोटं देव जाणे, बनवणाऱ्याची पट्टी निघून गेली होती आणि तिच्या जागी रिव्हेटची भोकं तेवढी राहिली होती. एकच ऍक्सल, बारा-तेरा फूट लांबी, आतून लाकडी सांगाडा आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. आत समोरासमोर दोन बाकं, मधलं टेबल खाली पाडलं की त्यांचा पलंग. मागं ओटा. दोन्ही बाजूंना कडा गोल केलेल्या खिडक्या. त्या खिडक्यांवर माझाही जीव जडला, हे वहीत कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

जुना ट्रेलर बघताना पहिली गोष्ट बघायची ती पाणी. रंग, चाकं, गाद्या हे सगळं नंतर. लाकडाचा सांगाडा वरून पत्र्यानं झाकलेला असतो. छताच्या सांध्यातून किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब-थेंब आत शिरलं की पत्रा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतलं लाकूड भुसा होतं. म्हणून दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्यायचा. कुबट आला तर पुढची चौकशी दुप्पट करायची. मग खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंत मिळतात ती कड, कपाटांच्या आतल्या बाजू, सगळीकडं अंगठ्यानं दाबत जायचं. जिथं अंगठा आत जातो तिथं पैसे जातात.

सांगलीत आणखी एक तपासणी करावी लागते, ती परदेशी माहितीत कुठंच सापडणार नाही. मी बाकाची गादी उचलली, खालची फळी काढली आणि बॅटरी मारली. प्लायवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक सरळ, चहाच्या रंगाची रेघ होती. तिच्या खाली प्लायचे पदर सुटलेले आणि वर लाकूड कोरडं. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. गावभागात, सांगलीवाडीत आजही घराघरांतल्या भिंतींवर ही रेघ रंगाखालून डोकावते. मी विकणाऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "वहिनी, पाणी सगळ्यांच्याच घरात आलं होतं. ह्यो तर बिचारा बाहेर उभा होता." उत्तर बिनतोड होतं. सव्वा लाखाचे पंच्याऐंशी हजार मात्र त्या रेघेनंच केले.

पुराचं पाणी गळक्या छतापेक्षा एका अर्थानं बरं, कारण ते एका पातळीपर्यंतच येतं आणि कुठवर आलं ते सांगून जातं. वाईट एवढ्यासाठी की ते गाळ आणतं. चासीच्या चौकोनी पाइपांत, हबमध्ये, ब्रेकच्या दांड्यांत तो जाऊन बसतो आणि वाळला की सुटत नाही.

कागदपत्रांचं आधी बघितलं हे आमच्या दोघांच्या अंगवळणी पडलेलं शहाणपण. मोटार वाहन कायदा १९८८ च्या लेखी ट्रेलर हे मोटार वाहनच आहे. इंजिन नसलं तरी त्याची स्वतःची नोंदणी लागते, ओढणाऱ्या गाडीच्या नोंदणी-पुस्तकावर तो फुकट बसत नाही. नवऱ्याला वाटत होतं की हा जुना म्हणून 'विंटेज'मध्ये बसेल. २०२१ मध्ये केंद्राचे विंटेज वाहनांचे नियम आले, व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. पण ते पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी. शिवाय विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आम्हाला तर फिरायला जायचं होतं. तेव्हा तो नाद सोडला. सांगलीचा एमएच-१० यायच्या आधीचा तीन अक्षरी जुना नंबर होता, त्याचं नोंदणीचं पुस्तक सापडल्याशिवाय बयाणा देणार नाही असं मी सांगितलं. गोडाऊनच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून ते निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण चासी नंबर शाबूत. ओढायच्या दांड्यावर साचलेला रंग पॉलिश पेपरनं घासून तो नंबर जुळवला, तेव्हा कुठं व्यवहार पुढं सरकला. मग नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, नोंदणीची मुदत संपली म्हणून २५ नंबरचा, तपासणी, हेलपाटे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुस्तक नसेल तर ट्रेलर फुकट दिला तरी घेऊ नका, एवढंच.

मामांनी मधेच विचारलं, "भाड्यानं देणार का? पैसं सुटतील." राज्याचं कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायच्या गाडीच्या पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं आहे, त्यामुळं प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पण भाड्यानं द्यायचा म्हटला की घरच्या वापराची नोंदणी चालत नाही, परवाने वेगळे आणि जबाबदारी वेगळी. आणि खरं सांगायचं तर ज्या पलंगाचं लाकूड मी स्वतः निवडलं, त्यावर परक्या माणसानं चिकनचा रस्सा सांडलेला मला चालणार नाही.

दुरुस्ती मिरज रोडच्या एका मिस्त्रींकडं केली. त्यांचा धंदा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. हा ट्रेलर त्यांच्या शेडात आणल्यावर त्यांनी खाली वाकून बघितलं, हबवर हातोडीची टकटक केली आणि म्हणाले, "वहिनी, ह्ये तर जीपचं हब हाय. काय काळजी करू नगा." डावीकडच्या रकान्यातली सगळ्यात मोठी नोंद हीच. बेरिंग, ऑइल सील, नट सगळं मार्केट यार्डाजवळच्या कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळालं. स्प्रिंगचे पाटे उतरवून पुन्हा कमान काढायला दिले. परदेशी बनावटीचा घेतला असता तर एका बेरिंगसाठी महिनाभर वाट बघत बसलो असतो. आपल्याकडं जुना ट्रेलर घेताना तो किती दुर्मीळ आहे याला किंमत देऊ नये. त्याचं खालचं सामान किती सामान्य आहे याला द्यावी.

टायर दिसायला नवे होते, नक्षी पूर्ण. मिस्त्रींनी कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर २०११ चे निघाले. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभ्या-उभ्या म्हातारा होतो. नक्षी कितीही असू दे, सहा-सात वर्षांनी बदलायचाच. हा खर्च आम्ही धरला नव्हता असं नवरा म्हणतो, मी धरला होता.

सांगाड्याचं काम सुताराकडं. रेघेच्या खालचं सगळं लाकूड काढलं, सागाच्या पट्ट्या घातल्या आणि वर ७१० ग्रेडचा मरीन प्लाय. इथं सुताराचं आणि माझं वाजलं. त्याला साधा प्लाय घालून वर सनमायका मारायचा होता, "दिसायला एकच." दिसायला एकच असतं, पहिल्या पावसापर्यंत. छताच्या सांध्यांवर आधीच्या मालकानं सिलिकॉन थापलं होतं. सिलिकॉनचा त्रास असा की ते सुटलं तरी जागेवर बसल्यासारखं दिसतं, खालून पाणी घेत राहतं, आणि त्याच्या अंशावर पुन्हा काही चिकटत नाही. ते सगळं खरवडून, पट्ट्या उघडून खाली ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, भरली. लोखंडी स्क्रूही सगळे काढले. ओल्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि भोक पावपट मोठं झालं होतं.

खरेदीच्या पाऊणपट पैसे दुरुस्तीत गेले. यात आमची स्वतःची मजुरी धरलेली नाही, कारण ती धरली तर पान पुरणार नाही.

मग ओढण्याचं प्रकरण. ट्रेलर किती जड आहे हे अंदाजानं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सांगलीत वजनकाटे पावलोपावली आहेत, हळदीची पोती आणि ऊस मोजणारे. भांडी, गादी, पाणी, सिलिंडर सगळं भरून आमचा ट्रेलर काट्यावर चढवला तेव्हा आठशे किलोच्या वर गेला. काटेवाल्यानं पावतीवर 'माल' या रकान्यात काय लिहू विचारलं. मी म्हटलं, "संसार लिहा." त्यानं 'घरगुती सामान' लिहिलं.

ब्रिटिश लोकांचा एक ठोकताळा आहे, भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावा. आमची जुनी बोलेरो त्यात आरामात बसते. छोट्या गाडीवाल्यांनी या विचारातच पडू नये, आणि मोठ्या गाडीवाल्यांनीही आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकात ओढायची मर्यादा दिली आहे का ते आधी बघावं. दुसरं गणित दांड्यावर येणाऱ्या भाराचं. तो एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा असं ब्रिटिश म्हणतात, अमेरिकन दहा ते पंधरा. भार कमी पडला, म्हणजे सामान मागं जास्त झालं, की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आमच्या ट्रेलरचा ओटाच मागं. पाण्याची टाकी भरून, पिठाचे डबे मागच्या कपाटात ठेवून पहिल्यांदा मिरज–पंढरपूर रस्त्याला निघालो, तर साठच्या पुढं गेल्यावर आरशात तो डावीकडं-उजवीकडं डोलताना दिसायला लागला. नवऱ्यानं ब्रेक न दाबता पाय हळूच उचलला, तसा तो शांत झाला. त्या दिवसापासून टाकी रिकामी नेतो, जागेवर जाऊन भरतो, आणि डबे ऍक्सलच्या वर. दांड्याचा भार बाथरूमच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून मोजता येतो, त्याला काही महागडं यंत्र लागत नाही.

रिव्हर्स नवऱ्याला मामांच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरनं शिकवला. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून उसाची ट्रॉली मागं घेणारा माणूस आहे तो. नवऱ्यानं चार वेळा स्टेअरिंग उलटं फिरवून ट्रेलर बोलेरोशी काटकोनात आणल्यावर तो खिडकीशी आला. "दादा, वरनं धरू नगा. स्टेअरिंग खालनं धरा. ट्रेलर जिकडं न्यायचा तिकडं हात न्या." झालं. एवढ्या एका वाक्यात जे जमलं ते व्हिडिओ बघून जमलं नव्हतं. ट्रेलर तरी मधेच अडकला, कारण त्याचा ब्रेक जुन्या पद्धतीचा. गाडी मंदावली की ट्रेलर पुढं ढकलतो आणि त्या धक्क्यानं दांडा दाबून त्याचेच ब्रेक लागतात. मागं घेतानाही तोच धक्का बसतो, म्हणून खाली उतरून एक खिटी पाडावी लागते. पुढं निघताना ती खिटी उचलली का, हे विचारायचं काम माझं.

उतारावरही हेच. घाट उतरताना ट्रेलर सतत मागून रेटत असतो, त्यामुळं त्याचे ब्रेक तापत राहतात. गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून, मधे थांबून, ड्रमजवळ हात नेऊन बघत उतरायचं. कासला यवतेश्वरचा घाट आम्ही म्हणूनच टाळतो. तिथं हंगामात गाडीला जागा मिळत नाही, ट्रेलरला कोण देणार? कऱ्हाडवरून पाटण, कोयनानगर हा रस्ता मात्र त्याला मानवतो.

आता राहण्याबद्दल. थंडीत यासारखं सुख नाही. देवराष्ट्र्याजवळ ओळखीच्यांच्या शेतात ट्रेलर उभा केला होता, सागरेश्वरच्या डोंगरापासून जवळच. संध्याकाळी ट्रेलर सोडून ठेवला आणि बोलेरो घेऊन नवरा दूध आणायला गेला. मोटार-कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीतच घर असलेली, आणि ट्रेलर यातला मोठा फरक हाच, घर जागेवर राहतं आणि गाडी मोकळी होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, लॉजचे जिने त्यांना नको असतात. इथं एक पायरी, आपली उशी, आपला चहा. त्या म्हणाल्या, "देवळात मुक्कामाला गेल्यासारखं हाय, फक्त घंटा न्हाई."

एप्रिलमध्ये तोच ट्रेलर नको होतो. सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि पातळ पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. छताच्या आतून थर्मोकोल घातला, फरक पडला, पण पुरेसा नाही. स्वयंपाक शक्यतो बाहेरच करतो. आत शेगडी आहेच म्हणून एक गोष्ट सुताराला बुजवू दिली नाही, ती म्हणजे ओट्याजवळ जमिनीतलं जाळी लावलेलं भोक. त्याला वाटलं उंदरांचं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि त्याला बाहेर जायला वाट खालूनच लागते.

लोक काय म्हणतात हाही रकाना ठेवायला हवा होता. पेट्रोल पंपावर विचारतात, रक्तदानाची गाडी का? निवडणुकीच्या दिवसांत कुठल्या पक्षाची विचारलं. मामांच्या गावात तर एका आजोबांनी दार उघडून आत पाय ठेवला आणि म्हणाले, "तासगावला सोडा." त्यांना वडाप, म्हणजे सीटमागं पैसे घेणारी जीप, वाटलं होतं.

हे सगळं बेरीज-वजाबाकीला घेतलं तरी कल कुठं झुकतो ते ठरवणारी गोष्ट यातली एकही नाही. ती आहे छप्पर. ट्रेलर वर्षातले फार थोडे दिवस चालतो, बाकी दिवस उभा असतो, आणि उभं असतानाच त्याचं खरं नुकसान होतं. ताडपत्री टाकली की काम झालं असं वाटतं. पण ताडपत्रीखाली हवा खेळत नाही, दमटपणा आत कोंडतो, वाऱ्यानं ती पत्र्यावर घासते. विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तो मावत नाही, आणि मावला तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मावणार नाही. म्हणून तो मामांच्या बेदाण्याच्या पत्र्याच्या शेडात असतो. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल, पावसाळ्यात शेड रिकामी. चारी बाजूंनी हवा आणि वर पत्रा, ट्रेलरला याहून चांगली जागा नाही. द्राक्षं शेडात आली की तो बाहेर निघतो, आणि नेमके तेच वळवाचे दिवस. मागच्या वळवात गारा पडल्या, त्याचे खळगे छतावर आहेत. पाणी आत आलं नाही, टेप टिकली.

दरवर्षी ग्रीस, विमा, सांध्यांची तपासणी, मामांना द्यायचं काहीतरी आणि टायरसाठी बाजूला टाकायची रक्कम, हे सगळं धरलं तर तेवढ्या पैशांत आम्ही चौघं महाबळेश्वरला बऱ्यापैकी हॉटेलात राहून आलो असतो. पैसे वाचतात म्हणून कुणी ट्रेलर घेत असेल तर वाचत नाहीत. हातानं काम करायची आवड असेल, ओळखीत ट्रॉलीवाला मिस्त्री असेल, घरात चढ-उतार न झेपणारं माणूस असेल आणि पावसाळ्यात डोक्यावर पक्कं छप्पर असेल, तर जरूर बघावा. छप्पर नसेल तर बाकी तिन्ही असून उपयोग नाही.

आमचंही आता तिथंच अडलंय. मामांना यंदा शेडात बेदाण्याचे आणखी कप्पे करायचेत, ट्रेलरची जागा जाणार. कुपवाडला एक गोडाऊन बघितलं, भाडं ऐकून परत आलो. विट्याच्या एकाला ट्रेलर हवाय, तो येऊन खिडक्या बघून गेला. मृगाच्या आत छप्पर मिळालं नाही तर त्याला द्यायचा असं आमचं ठरलंय. अडलंय ते आकड्यावर. नवरा दोन लाख म्हणतो. मी त्याच्यासमोर वही उघडून ठेवते, तो ती मिटून चहा करायला जातो.